शेवटच्या सात रायफली

फ्लॅटहेड खोरं, मोंटाना
१४ मे २०२३

आर्डिसबाई, नमस्कार.

पोचलो. घाट उतरेपर्यंत पाऊस आणि पुढे कोरडं ऊन, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. फोन करणार होतो, पण माझ्या कानांचं तुम्हाला ठाऊकच आहे. फोनवर माणूस बोलतोय की किटलीतलं पाणी उकळतंय, मला कळत नाही. म्हणून पत्र. हसू नका.

घोड्यांचा दाणा विकणाऱ्या एका दुकानाच्या वर मला खोली मिळाली आहे. खिडकीतून डोंगर दिसतो, त्याच्या डोक्यावर अजून बर्फ आहे. रायफलींचा कारखाना मोठा आहे. जमीन इतकी स्वच्छ की स्क्रू पडला तर दुसऱ्या टोकावरून दिसेल. आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीत पडलेला स्क्रू देवालासुद्धा सापडायचा नाही. इथे त्या काळ्या, लष्करी धाटणीच्या रायफलींवर कसली बंदी नाही, लोक त्यांच्याबद्दल ट्रॅक्टरबद्दल बोलावं तसं बोलतात. पहिल्या दिवशी मला विचारलं, ‘वॉशिंग्टन राज्यातून का आलात?’ मी म्हटलं, ‘माझं काम तिथे बंदीच्या कायद्यावरच्या एका सहीने संपलं.’

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. हाल्वरसन म्हाताऱ्याच्या रायफलीवरची दुर्बीण मी सरळ बसवली आहे. तो म्हणेल डावीकडे झुकलीय. झुकलेली त्याची मान आहे. हात लावू नका. आणि खिडकीजवळचा हीटर एक चापट मारल्याशिवाय चालू होत नाही.

निघताना तुम्ही सँडविचची पिशवी दिलीत आणि ‘रस्ता ओला आहे’ म्हणालात. एकोणीस वर्षं तुम्ही पुढे काउंटरवर आणि मी मागे टेबलाशी. मलाही काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ‘टायर नवे आहेत.’

आपला,
ऑरिन हॅस्केट

*

केलर्स लँडिंग
२८ मे २०२३

ऑरिन,

पत्र पोचलं. पोस्टमनने ते काउंटरवर ठेवलं आणि गेलाच नाही. शेवटी त्याला विचारलं, ‘तुला वाचून दाखवू का?’ तेव्हा हलला.

दुकान ठीक चाललंय. मासेमारीचे दिवस आहेत, गळ आणि दोरे खपतात. मागच्या भिंतीवरच्या काळ्या रायफली उतरवून तिजोरीत ठेवल्या. एप्रिलमध्ये शेवटच्या आठवड्यात पावसात रस्त्यापर्यंत रांग लागली होती, तुम्ही दोन घास खायलाही उठला नव्हतात. तरीही सात उरल्या. इथे विकता येत नाहीत. राज्याबाहेरच्या परवानाधारकाला मात्र जुलैच्या शेवटापर्यंत देता येतील.

माणसं येतात, घेत काही नाहीत. हाल्वरसन रोज येतो. कायद्याला शिव्या आणि माझ्या कॉफीला दाद, दोन्ही फुकट. परवा मी त्याला कायद्यात काय आहे ते वाचून दाखवलं. दस्ता दुमडतो का, नळीच्या टोकाला आटे आहेत का, मूठ वेगळी आहे का. सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘माझा गुडघापण दुमडतो. मलाही तिजोरीत ठेव.’ तुम्ही असतात तर मागच्या खोलीतून तुमचा तो एकच ‘हं’ आला असता. मी वळूनसुद्धा पाहिलं.

रविवारी भाची आली होती, तिच्या लेकीला, टेसाला घेऊन. टेसा आता आठ वर्षांची झाली. कुणी बंदूक घेऊन आत शिरलं तर म्हणून त्यांच्या शाळेत मुलांकडून लपायचा सराव करून घेतात. दिवे बंद करायचे, कपाटात दाटीवाटीने बसायचं, शिंक आली तरी शिंकायचं नाही. तिने मला विचारलं, ‘आर्डिस आजी, कपाटाच्या दारातून गोळी जाते का?’ तिला वाटलं, माझं बंदुकांचं दुकान, तेव्हा मला माहीत असणार. मला माहीत आहे, ऑरिन. मी तिला म्हटलं, ‘चल, रुबार्बचा आंबटगोड पाय भाजलाय, तो खाऊया.’

तेव्हापासून हाल्वरसन कायद्याला शिव्या घालतो तेव्हा मी कप विसळत राहते. माझं पोट असल्याच रायफलींवर होतं, हेही खरं, आणि ते कपाटही खरं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

तुमचा कारखाना त्या सात विकत घेईल का? घेत असतील तर कुरियरने पाठवण्याऐवजी मीच गाडीतून आणीन म्हणते. परवाना आहे, कागद आहेत. तेवढाच तुमचा डोंगरही पाहून होईल.

आर्डिस लुंडीन

*

११ जून २०२३

आर्डिसबाई, नमस्कार.

घेतील! मालकाशी बोललो. सातही घेतील, कागद मी तयार करून घेतो. तुम्ही फक्त निघा.

स्पोकेनला मुक्काम करा, एका दिवसात एवढी गाडी चालवू नका. पुढे आयडाहोत शिरलात की रस्ता वळणांचा आहे, घाई करू नका. इथे नदीकाठी एक खानावळ आहे, तिथला रुबार्बचा पाय तुम्ही भाजता त्याच्या जवळपास जातो. जवळपासच म्हणतोय. खानावळीच्या मालकिणीच्या बहिणीकडे पाहुण्यांसाठी चांगली खोली आहे, मी बोलून ठेवलंय. मी माझी खोलीही झाडली. पलंगाखाली आधीच्या भाडेकरूचा एक बूट निघाला. एकच.

काम छान आहे. माणसं चांगली. काही काळजी करू नका.

टेसाने विचारलेलं दोनदा वाचलं. मला नसतं सुचलं उत्तर. मी खरं सांगून बसलो असतो.

कधी निघता ते कळवा. त्या दिवशी मी सुट्टी घेईन.

ऑरिन

*

केलर्स लँडिंग
२० जुलै २०२३

ऑरिन,

सात रायफली आज कुरियरने पाठवल्या. मला येणं जमलं नाही. दुकान बंद ठेवता येत नाही, आणि हल्ली प्रूइट म्हणून एक गृहस्थ येतात, त्यांच्याशी बऱ्याच गोष्टी बोलायच्या चालल्या आहेत. चांगला माणूस आहे. दुकानातून हिंडतो, भिंतींवर हात ठेवून बघतो, लग्नाच्या वर्षी गसने बांधलेल्या फळ्यांचं कौतुक करतो. इतक्या वर्षांनी कुणीतरी या जागेकडे नीट पाहिलं.

तुम्ही तिथे रमलात, हे वाचून बरं वाटलं.

त्या मालकिणीच्या बहिणीला माझ्या वतीने सॉरी सांगा.

आर्डिस

*

९ ऑगस्ट २०२३

आर्डिसबाई, नमस्कार.

रायफली मिळाल्या. सातही सुखरूप.

खोकी मीच उघडली. तुम्ही आत गसच्या जुन्या फ्लॅनेलच्या सदऱ्यांचे तुकडे घातले होतेत. झाकण काढलं आणि आपलं दुकान बाहेर आलं. तेल, ओलं लाकूड, करपलेली कॉफी. शेजारचा म्हणाला, ‘कसला वास आहे?’ मी म्हटलं, ‘खराब कॉफीचा.’

त्यातली एक मीच बांधली होती, वाळूच्या रंगाचा दस्ता असलेली. तुम्हाला आठवत असेल. गिऱ्हाईक पैसे न देता गेलं, मी चिडलो, तुम्ही म्हणालात, ‘राहू दे भिंतीवर, छान दिसते.’ इथे त्यांनी मला तिच्यावरचं सगळं उतरवायला सांगितलं. पट्टा, टॉर्च, पुढची मूठ. नुसती नळी आणि सांगाडा राहिला, मग रांगेत लावली. आता कोणती ती मला सांगता येणार नाही.

प्रूइट चांगले गृहस्थ असतील. गसला जाऊन बारा वर्षं झाली, तुम्हाला सोबत हवीच. माझ्या शुभेच्छा.

ऑरिन हॅस्केट

*

केलर्स लँडिंग
५ नोव्हेंबर २०२३

ऑरिन,

तीन महिने झाले. तुमचं पत्र नाही. माझंही नाही. तुमच्या शुभेच्छांचं काय करायचं, ते मला समजेना. आता समजलं आणि हसून हसून माझ्या पोटात दुखलं. अहो, प्रूइटला बायको आहे, चार मुलं आहेत आणि टायरचा धंदा आहे! तो माझ्या भिंती बघतो, मला नाही. त्याला इथे टायरचं दुकान काढायचं आहे.

आता खरं सांगते. दुकान ठीक चाललं नव्हतं, मेमध्येही नाही. गळ आणि दोऱ्यांवर हीटरसुद्धा चालत नाही, चापट मारली तरी.

गेल्या महिन्यात एक तरुण आला होता. सप्टेंबरपासून दोनदा आलाय. जास्त गोळ्या मावणारं मोठं मॅगझिन हवं होतं, आपल्याकडे जुनी पडली असतील म्हणाला. मी नाही म्हटलं. तर काउंटरवर वाकला.

‘बाई, सीमेपलीकडे ढिगाने मिळतात. तुम्ही दिलंत तर कोणाला कळणार आहे?’

‘मला कळेल.’

‘तुम्हीपण त्या बंदीवाल्यांतल्याच झालात का?’

‘मी कुणातलीच नाही. माझं दुकान आहे, आणि ते सहाला बंद होतं.’

तो जाताना दारावर थुंकला. मी बादली आणून पुसलं. भीती नाही वाटली. तुम्ही मागच्या खोलीतून बाहेर आला नाहीत, ते टोचलं. तुम्ही अशा वेळी काही बोलत नव्हतात. फक्त दारात येऊन फडक्याला हात पुसत उभे राहायचात. तेवढं पुरायचं.

आणि या आठवड्यातली बातमी तुम्हीही ऐकली असेल. पुन्हा तसाच गोळीबार, कुठल्यातरी लांबच्या गावात. आपण काय करायचो ते आठवतं का? मी रेडिओ मोठा करायची, तुम्ही यंत्र बंद करून बाहेर यायचात, आणि ती रायफल कुठून घेतली होती ते सांगेपर्यंत दोघंही काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहायचो. एखाद वेळी दोन दिवस. मग दुसऱ्याच कुठल्या राज्याचं नाव आलं की तुम्ही ‘हं’ म्हणायचात आणि परत आत जायचात. आपण सुटलो म्हणून बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून लाज. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही.

या वेळी मी एकटी उभी होते. भिंत रिकामी, तिजोरी रिकामी. माझ्याकडून काही गेलेलं असणं शक्य नाही असं स्वतःला सांगितलं, पण जुन्या वर्षांचं काय? मागच्या दाराकडे पाहत राहिले. यंत्र बंद झाल्याचा आवाज यायची वाट पाहत. यंत्र तर मेपासून बंदच आहे.

तुमच्याकडे तेव्हा काय करतात?

आर्डिस

*

१९ नोव्हेंबर २०२३

आर्डिसबाई,

प्रूइटबद्दल वाचलं आणि खाली दाण्याच्या दुकानात जाऊन मालकाला उगाच एक बियर पाजली. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, ‘टायर.’

तुम्ही विचारलंत, आमच्याकडे तेव्हा काय करतात. काही करत नाहीत. यंत्रं चालू राहतात. जेवणाच्या खोलीत टीव्हीवर बातमी होती, एकाने वाहिनी बदलली आणि दुसरा म्हणाला, ‘आता मागणी वाढणार.’ वाईट माणूस नाही तो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, त्याला जादा काम हवंय. मी उठून हात धुवायला गेलो. नळ सोडून उभा राहिलो. तुम्ही पलीकडे काउंटरवर आहात असं समजून उभा राहिलो. माझ्या पाठीमागे तीन माणसं हात धुवायला थांबली होती, हे मला ऐकूही आलं नाही.

तेव्हा तेही सांगतो. डावा कान ऑगस्टमध्ये पूर्ण गेला. आता साहेब खांद्यावर टिचकी मारून बोलावतो. आणि काम छान आहे असं लिहिलं होतं, ते छान नाही. मी दिवसभर एकच गोष्ट करतो. नळीवरचं आवरण बसवायचं, पाना लावायचा, हिरवा दिवा लागला की पुढची रायफल. घट्ट बसलं की नाही ते दिवा ठरवतो. मी हात फिरवून बघायला लागलो तर मागे रांग तुंबते. जो माणूस ही रायफल खांद्याला लावणार त्याचे हात लांब आहेत की आखूड, तो डावखुरा आहे की चष्मा लावतो, कुणाला माहीत नसतं. आपल्याकडे मी विचारायचो. दोघातिघांना तर तुम्ही काउंटरवरूनच परत पाठवलंत, ‘तुम्हाला आज बंदूक नको, झोप हवी आहे’ म्हणून. इथे परत कुणाला पाठवणार? इथे माणूसच येत नाही.

मी तुम्हाला दोष देत नाही, कायद्यालाही रोज देत नाही. काही दिवस देतो. त्या टेसाने कपाटात बसून शिंक दाबावी असं मला वाटत नाही. आणि तुमच्या मागच्या खोलीतून मी उठावं असंही वाटत नव्हतं. या दोन्ही गोष्टी एका डोक्यात ठेवून झोप लागत नाही.

परत येण्याबद्दल खूपदा विचार केला. पण तिथे माझ्यासाठी काम नाही. शिकारीच्या दिवसांत चार दुर्बिणी बसवायच्या आणि उरलेलं वर्ष तुमच्या जिवावर बसायचं, हे मला जमणार नाही. कुठल्या तोंडाने येऊ?

इथे बर्फ पडायला लागलंय. संध्याकाळी खिडकीत बसलो की दुकान बंद करताना तुम्ही किल्ल्या वाजवायचात ते आठवतं. मला सांगायला वाजवायचात, की बाबा आता उठ. तो आवाज उजव्या कानाला अजून येतो.

ऑरिन

*

केलर्स लँडिंग
३ डिसेंबर २०२३

ऑरिन,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय, आता फाडणार नाही.

प्रूइटला हो म्हटलं. महिनाअखेरीस जागा त्याची. काल गसच्या फळ्या उतरवल्या. हाल्वरसन मदतीला आला होता, म्हणजे खुर्चीत बसून सूचना देत होता. शेवटची फळी निघाली तेव्हा तो रडला. मी नाही रडले. मी मागच्या खोलीत गेले, तुझ्या स्टुलावर बसले आणि तिथून काउंटर कसं दिसतं ते पाहिलं. इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. सगळं दिसतं की रे. मी वाकून खालचा खण उघडते तेसुद्धा.

जुलैचं सांगते. मी निघाले होते. सात रायफली मागे कुलपात, गसचे सदरे फाडून गुंडाळलेल्या, नवा स्कार्फ, सगळं. घाट ओलांडला, एलेन्सबर्गपर्यंत आले. पेट्रोल भरायला थांबले. तिथल्या मुलीने सहज विचारलं, ‘कुठे निघालात?’ मी म्हटलं, ‘माल पोचवायला.’ आणि माझ्याच कानाला ते कसंतरी लागलं. मनात आलं, माल पोचवला की मग काय? सही घेऊन परत यायचं. पुढच्या वेळी कुठलं निमित्त? माल तर संपला. आणि तू तिथे रमलास असं लिहिलं होतंस. रमलेल्या माणसाच्या दारात रिकामी गाडी घेऊन उभं राहायचं, ते मला झेपेना. गाडी वळवली. घाटात इतकी रडले की दोनदा कडेला थांबावं लागलं. आणि वर तुला प्रूइटचं कौतुक लिहिलं.

सगळे म्हणतात, कायद्याने आर्डिसचं दुकान घेतलं. घेतलं असेल. पण मला आता वाटतं, ते दुकान आपल्या दोघांना फार सोयीचं होतं. रोज सकाळी भेटायला काही कारणच लागायचं नाही. तू रायफल दुरुस्त करायचास, मी गिऱ्हाईक बघायची, आणि त्या रायफलींच्या आड आपण एकोणीस वर्षं बसून राहिलो.

तू विचारलंस, कुठल्या तोंडाने येऊ. याच तोंडाने ये. काम नाही, पगार नाही, मागची खोली नाही. माझ्या घराचं पुढचं दार आहे, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. काही दुरुस्त करायला येणार असशील तर येऊच नकोस.

नसेल यायचं तरी लिही. हो-नाही एवढंच लिहिलंस तरी चालेल. पण लिही.

आर्डिस

*

क्ले एलम, घाटाच्या अलीकडे
१७ डिसेंबर २०२३

आर्डिस,

हे पत्र टपालात टाकणार नाही. टाकलं तर माझ्यानंतर पोचेल. पण काल रात्रीपासून घाट बंद आहे, गाड्यांची रांग लागली आहे, आणि या हॉटेलात बसून मी चार कप कॉफी प्यायलो. गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी हिरवा दिवा लागायची वाट न पाहता उठलो. साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, ‘तिकडे तर तुमच्या कामावर बंदी आहे.’ मी म्हटलं, ‘कामासाठी जात नाही.’ त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. त्याने मोठ्याने परत सांगितलं. मीही मोठ्याने परत सांगितलं. सगळा कारखाना वळून बघायला लागला. माझ्या आयुष्यात मी एवढं मोठ्याने काही बोललो नव्हतो, आणि तू तिथे नव्हतीस.

एलेन्सबर्गवरून येताना मी त्या पेट्रोल पंपावर थांबलो. तोच का ते माहीत नाही, तिथे तीन आहेत. तिन्हींवर थांबलो. गाडीची टाकी तर पहिल्यातच भरली होती.

तू स्टुलावर बसलीस ते बरं झालं. मला जे सांगता येत नव्हतं ते तुला दिसलं. हो, सगळं दिसायचं. गस होता तेव्हा मी मान खाली घालून काम केलं, आणि तो गेल्यावर मान वर करायची सवय राहिली नव्हती.

अवजारांची पेटी तिथेच दिली एकाला. चांगला कारागीर आहे, हात फिरवून बघतो. गाडीत फक्त कपडे आहेत आणि खानावळीच्या मालकिणीने बांधून दिलेला रुबार्बचा पाय. तुझ्या पुढच्या दारात मी पहिल्यांदाच असा रिकाम्या हातांनी येणार, आणि हे हात कुठे ठेवायचे ते मला अजून सुचलेलं नाही. तूच सांग.

शेजारच्या टेबलावरचा ट्रकवाला खिडकीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणतोय. मला ऐकू आलं नाही, पण बर्फ काढणारी गाडी पिवळा दिवा फिरवत वर गेलेली दिसली. लोक कोट घालायला लागलेत.

निघतो.

ऑरिन